पाय सुजले, त्यावर पाण्याची गोळी आली, आणि मग भलतेच घडले : प्रेशरच्या गोळ्यांविषयी

म्हादईकाठ (वाळपई)

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. निवृत्त शिक्षक, अंगाने सडपातळ, प्रेशर गेली पंधरा वर्षे. शिगमो झाल्यावर तपासणीत दाब १६४/९० भरला, म्हणून त्यांची ॲम्लोडिपिनची गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेण्यात आली. तीन आठवड्यांत घोट्यांशी सूज आली. संध्याकाळी मोजे काढले की पिंढरीवर रबराचा वण इतका खोल उमटलेला असे की त्यात माझ्या करंगळीचे टोक बसे, आणि चपलेचा पट्टा शेवटच्या भोकातही लागेना. आम्ही पुन्हा दाखवायला गेलो. तिथे पाय दाबून पाहिले गेले, ‘अंगात पाणी धरले आहे’ असे सांगून क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी जोडून दिली गेली आणि मीठ कमी करण्याची सूचना मिळाली. बाबा पडले शिक्षक. ‘कमी’चा अर्थ त्यांनी ‘बंद’ असा लावला. पेज अळणी, चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) बंद, सुके बांगडे बंद, आणि मे महिन्याचा उकाडा म्हणून दिवसाला तीन-चार लिटर साधे पाणी.

दोन आठवड्यांनी एका सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत आला. बाबांनी पाव घेतले, पैसे दिले. त्याने सायकल वळवली तोच त्याला हाक मारून त्यांनी पुन्हा पैसे दिले. मग आत येऊन मला विचारले, “तुझी आई देवळातून आली काय?” आईला जाऊन चार वर्षे झाली आहेत.

मेंदूचा झटका असावा असे समजून आम्ही त्यांना तसेच गाडीत घालून इस्पितळात नेले. मेंदूचे चित्र स्वच्छ आले. रक्तातले सोडियम मात्र ११८ निघाले, जे १३५ च्या खाली जाता कामा नये. चार दिवस ठेवून घेतले. आता ते पूर्ण शुद्धीवर आहेत, शब्दकोडी सोडवतात, मला शुद्धलेखनावरून बोलतात. परंतु घरी आल्यावर बिस्किटांचा डबा उघडून बसलो तेव्हा लक्षात आले की त्यातल्या सात पाकिटांपैकी कोणती गोळी शरीरात काय करते हे मला सांगता येत नाही. ॲम्लोडिपिन, क्लोरथॅलिडोन (आता बंद), मेटोप्रोलोल, ॲटोर्व्हास्टॅटिन, ॲस्पिरिन, आम्लपित्ताची एक आणि गुडघ्यांची एक. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढाच प्रतिसाद देऊ नये. ते विचारणारच आहे, पण काय विचारायचे हे तरी कळायला हवे.


जुना औषधवाला (म्हापसा)

अडतीस वर्षे काउंटरमागे उभा राहिलो आहे, तेव्हा सुजेपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या कथेचे मर्म तिथे आहे.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात, आणि ते आवळले जाण्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावे लागते. ॲम्लोडिपिन ती शिरण्याची वाट अडवते; स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते आणि दाब उतरतो. अडचण अशी की ही गोळी हृदयाकडून येणाऱ्या बारीक धमन्या चांगल्या मोकळ्या करते, परंतु परत नेणाऱ्या शिरांवर तिचा तितका परिणाम होत नाही. पाटाचे तोंड मोठे केले आणि कुळागराच्या दुसऱ्या टोकाची वाट तेवढीच अरुंद ठेवली तर मधल्या वाफ्यात जे होईल तेच घोट्याशी होते : केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपते. म्हणजे अंगात पाणी जास्त झालेले नसते, ते फक्त चुकीच्या जागी असते. म्हणूनच या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही. ती नसलेले जास्तीचे पाणी काढायला जाते आणि असलेले मीठ घेऊन येते.

५ मिलिग्रॅमपर्यंत ही सूज थोड्यांना येते, १० वर बऱ्याच जणांना येते, आणि स्त्रियांमध्ये अधिक दिसते. उपाय साधारणपणे दोन : मात्रा खाली आणणे, किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी जोडणे. ती शिरांची बाजूही सैल करते, त्यामुळे दाबही उतरतो आणि सूजही. काउंटरवर मी कित्येकांना सांगत असे की दोन्ही पाय सारखे सुजले तर गोळीचा संशय घ्या. एकच पाय सुजून दुखू लागला, किंवा सुजेबरोबर दम लागू लागला, तर माझ्यापाशी थांबूही नका.

आणखी एक गोष्ट. ॲम्लोडिपिन शरीरातून अर्धे उतरायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एका दिवसाची गोळी चुकली तर घाबरून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, आणि मात्रा बदलल्यावर दुसऱ्याच सकाळी यंत्र लावून ‘काहीच फरक नाही’ असेही म्हणू नये. आठवडा जाऊ द्यावा लागतो. काहींच्या हिरड्याही फुगतात. हे दातांचे डॉक्टर पटकन ओळखतात, आपण नाही.

क्लोरथॅलिडोन आणि तिची बहीण हायड्रोक्लोरोथायझाइड या मूत्रपिंडात मीठ परत शोषले जाऊ देत नाहीत. औषधे उत्तम आहेत, स्वस्त आहेत, आणि त्यांनी पक्षाघात टाळल्याचे भक्कम पुरावे आहेत. परंतु वय जास्त, अंग बारीक, जेवण अळणी आणि पाणी भरपूर असा योग जुळला की सोडियम कोसळते, आणि बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. तुमच्या बाबांच्या बाबतीत चारही गोष्टी जुळल्या. या गोळ्यांनी पोटॅशियम उतरते, साखर किंचित चढते, आणि यूरिक आम्ल वाढते. ज्याला आधीच अंगठ्याचा संधिवात आहे आणि ज्याच्या घरी रविवारी तिसऱ्या (शिंपल्या) व बियर हे दोन्ही असतात, त्याने ही गोळी सुरू करताना तो संधिवात आठवणीने सांगावा.


अबोली

पोदेराचा प्रसंग वाचून पोटात कालवले. आमच्याकडे एवढे गंभीर झाले नाही, पण जात तीच.

माझ्या सासूबाईंना रॅमिप्रिल सुरू झाले आणि दीड महिन्याने कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसता घशात केस अडकल्यासारखा खोकला, आणि तोही रात्री आडवे झाल्यावर. आधी सोलकढीवर आळ आला आणि ती बंद झाली. मग पंख्यावर आला. मग खोकल्याची दोन औषधे, छातीचा एक्स-रे, क्षयाची तपासणी. सात महिने गेले. शेवटी बहिणीच्या मुलीने, जी औषधशास्त्र शिकते, पाकीट हातात घेऊन विचारले, “मावशी, ही गोळी कधीपासून?” गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत खोकला थांबला. सोलकढी पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्या माझ्याकडे पाहून काहीच बोलल्या नाहीत, हे विशेष.

मला एवढेच विचारायचे आहे की प्रेशरच्या गोळीचा आणि घशाचा संबंध काय?


निशिगंध

मी औषधवैद्यक शाखेची डॉक्टर आहे. येथे सर्वसाधारण माहिती देत आहे, कोणाच्याही गोळ्या बदलत नाही.

अबोलीताई, संबंध एका विकराचा (एन्झाइमचा) आहे. दाब पडला की मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून साखळीने अँजिओटेन्सिन दोन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते वाहिन्या आवळते. या साखळीतली शेवटची पायरी जो विकर पार पाडतो त्याला रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही ‘प्रिल’ मंडळी अडवतात. परंतु त्याच विकराकडे दुसरेही काम असते : ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य मोडून टाकणे. विकर अडला की ते साचते आणि श्वासमार्गाला चाळवते. गंमत म्हणजे या औषधांचा शोधही तिथूनच लागला. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या दंशाने दाब का कोसळतो याचा अभ्यास करताना सर्जिओ फेरेरा यांना त्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारे घटक सापडले. त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल घडले आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे सासूबाईंचा खोकला हा औषधाच्या जन्मखुणेसारखा आहे. साधारण दहातल्या एकाला तो होतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन ही ‘सार्टन’ मंडळी विकराला हात न लावता साखळीच्या शेवटच्या टोकाला अडवतात, म्हणून त्यांत हा खोकला सहसा येत नाही.

ब्रॅडिकायनिनमुळेच क्वचित ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजतो. खोकल्यासाठी पुढच्या भेटीपर्यंत थांबता येते. जीभ सुजली तर १०८ ला फोन करावा आणि ती गोळी पुन्हा कधीही घेऊ नये.

‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ या दोन्ही प्रकारांत रक्तातले पोटॅशियम वाढू शकते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक) थोडे चढते. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासायचे असते ते यासाठी. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढले तर आम्ही सहसा गोळी बंद करत नाही, कारण दीर्घकाळात हीच औषधे मूत्रपिंड वाचवतात. हे रुग्णाला आधी सांगितले नाही तर तो अहवाल पाहूनच गोळी फेकून देतो. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी रोजच्या शहाळ्याविषयी विचारून घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम असते, आणि ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे पाकीट मिळते त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो हेही लक्षात ठेवावे. हगवण-उलट्या लागल्यावर या गोळ्या दोन दिवस थांबवाव्यात काय, हे आपल्या डॉक्टरांना तब्येत बरी असतानाच विचारून ठेवावे. गर्भारपणात त्या चालत नाहीत.

आता म्हादईकाठ यांना एक प्रश्न. तुमच्या डब्यातली सातवी गोळी कोणती? गुडघ्यांची. तिचे नाव लिहाल काय, आणि ती कधी सुरू झाली?


कुशावती

मेटोप्रोलोलविषयी कोणी लिहिले नाही म्हणून माझा अनुभव सांगते. नाडी ५४ झाली, जिना चढताना पाय शिशाचे झाल्यासारखे वाटू लागले, हात गार पडू लागले. मी कोणालाही न विचारता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी छाती अशी धडधडू लागली की रात्रभर उशीला टेकून बसून राहिले.


जुना औषधवाला (म्हापसा)

कुशावतीताई, ही गोळी एकदम सोडायची नसते. दोनेक आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायची असते. अॅड्रिनलिन हृदयाच्या ज्या जागांवर येऊन बसते त्या जागा मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल वगैरे अडवून ठेवतात. अॅड्रिनलिन बाहेरच अडकून राहिल्याने शरीराला वाटते की जागा कमी आहेत, म्हणून ते आणखी जागा तयार करते. अचानक गोळी थांबली की त्या साऱ्या एकदम उघड्या पडतात. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना यातून छातीत दुखणे किंवा झटकाही येऊ शकतो. थकवा आणि मंद नाडी यांवर मात्रा घटवणे हा उपाय असतो, परंतु तो सांगून करायचा. जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात प्रोप्रॅनोलोल घडवले आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले ते उगाच नव्हे.

दम्याच्या रुग्णाने ही गोळी लिहून देणाऱ्याला दम्याचे आधी सांगावे. मधुमेह्याने हे लक्षात ठेवावे की साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या गोळीत झाकली जाते, दरदरून येणारा घाम मात्र झाकला जात नाही. घाम आला की साखर तपासावी.


देवराईचा माणूस

एवढे सगळे वाचून मला वाटते की आमच्या सह्याद्रीत उगवणारी सर्पगंधाच बरी. नैसर्गिक, आणि उपद्रव काही नाही.


निशिगंध

सर्पगंधेचा दाखला तुम्ही दिलात हे चांगले झाले, कारण ती खरोखर गुणकारी आहे आणि म्हणूनच तिला उपद्रव आहेत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला आणि जगाचे लक्ष आपल्या या मुळीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. अनेक वर्षे ते दाबावरचे प्रमुख औषध होते. त्याने नाक चोंदते, सुस्ती येते, आणि जास्त मात्रेत काहींना खोल नैराश्य येते असे आढळल्यावर ते मागे पडले. पाकिटातल्या गोळीत रेसर्पिन किती हे निदान छापलेले असते. रानातून आणलेल्या मुळीत किती हे कोण सांगणार? हृदयविकारावरचे डिजॉक्सिनसुद्धा तिलपुष्पीच्या पानांतूनच आलेले आहे, आणि त्याची उपयोगाची मात्रा व विषाची मात्रा यांत इतके थोडे अंतर आहे की आम्ही ते जपून वापरतो.


रायबंदरकर

माझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत. स्टॅटिनने पोटऱ्या दुखतात म्हणून मी ती दोनदा सोडली, दोनदा धरली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मात्र सोडलेली नाही. दात काढायचा आहे. दोन्ही आठवडाभर थांबवा असे शेजारी सांगतात.


निशिगंध

रायबंदरकर, शेजाऱ्यांचे ऐकू नका. ॲस्पिरिन रक्त ‘पातळ’ करते असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्षात ती रक्तबिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींस चिकटू देत नाही. ज्या बिंबिकेला ती एकदा लागली ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, निकामी राहते. ७५ मिलिग्रॅमसारखी लहान मात्रा पुरते ती यामुळे. क्लोपिडोग्रेल दुसऱ्या वाटेने तेच काम करते. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही जोडी अचानक थांबली तर स्टेंटमध्येच गाठ धरू शकते. दात काढताना होणारा रक्तस्राव बहुधा दाबून ठेवून, टाका घालून थांबवता येतो. दंतवैद्यांना गोळ्यांची नावे सांगावीत आणि हृदयाच्या डॉक्टरांशी त्यांचे बोलणे करून द्यावे. शौच डांबरासारखे काळे झाले तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. आम्लपित्तासाठी ओमेप्रॅझोल घेत असाल तर तेही सांगा. ते क्लोपिडोग्रेलचे काम काही अंशी कमी करते, पॅन्टोप्रॅझोलने ती अडचण फारशी येत नाही.

पोटऱ्यांविषयी जपून लिहिते, कारण दुखते ते खरेच दुखते. स्टॅटिन यकृतातला कोलेस्टेरॉल तयार करणारा विकर अडवते. यकृत मग रक्तातून कोलेस्टेरॉल ओढून घेते. जपानचे अकिरा एंडो यांना असा पहिला पदार्थ बुरशीत सापडला. स्नायूंना खरी इजा झाली तर रक्तातले सीके (स्नायूंतून रक्तात उतरणारे एक विकर) वाढते आणि लघवी गडद होते. तसे क्वचित घडते, आणि तेव्हा गोळी लगेच थांबवतात. परंतु २०२० साली लंडनमधून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅटिनच्या त्रासाने गोळी सोडलेल्या साठ जणांना वर्षभर आलटूनपालटून चार महिने स्टॅटिन, चार महिने खोटी (औषध नसलेली) गोळी आणि चार महिने काहीच नाही असे ठेवण्यात आले. शंभरपैकी त्रासाचा सरासरी आकडा काहीच न घेता ८, खोट्या गोळीवर १५.४ आणि स्टॅटिनवर १६.३ आला. म्हणजे बहुतेक त्रास ‘गोळी घेतो आहे’ या जाणिवेबरोबर येत होता. यावरून कोणी रुग्णाला ‘मनाचे खेळ’ म्हणून हिणवू नये. मात्रा कमी करून किंवा रोसुव्हास्टॅटिनसारखी दुसरी गोळी देऊन पाहता येते. सोडून बसू नये एवढेच माझे म्हणणे आहे.


पेडण्याची सून

एक छोटी नोंद. आमच्या काकांनी देवळाच्या पायऱ्या चढताना छातीत कळ आली म्हणून उभ्या उभ्याच जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, आणि चक्कर येऊन ते तिसऱ्या पायरीवर कोसळले. कपाळाला चार टाके पडले. ती गोळी बसून घ्यायची असते हे आम्हाला नंतर कळले.


जुना औषधवाला (म्हापसा)

बरोबर. ती शिरा एकदम सैल करते, रक्त पायांकडे साचते आणि डोक्याला कमी पडते. नंतर डोके ठणकते, तेही त्याच सैलपणामुळे. आणि एक गोष्ट पुरुषमंडळी काउंटरवर सांगत नाहीत म्हणून येथे लिहितो : सिल्डेनाफिलच्या (व्हायग्राच्या) जातीची गोळी घेतलेली असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नये, दाब प्राणघातक पातळीपर्यंत कोसळू शकतो. इस्पितळात छातीच्या दुखण्यासाठी गेलात तर लाज बाजूला ठेवून हे सांगा.


म्हादईकाठ (वाळपई)

निशिगंधताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला दोन दिवस लागले, कारण ते पाकीट कोणी लिहून दिलेलेच नव्हते. डायक्लोफेनॅक. बाबा यंदा हट्टाने रोमटाच्या (शिगम्याच्या मिरवणुकीच्या) सरावाला जात होते. गुडघे धरले म्हणून एका दुकानातून त्यांनी ती स्वतःच आणली आणि तेव्हापासून रोज दोन घेत होते. मला वाटे आम्लपित्ताची गोळी त्यांना चहामुळे लागते.


निशिगंध

मग क्रम असा लागतो. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडातला रक्तपुरवठा आवळते, मीठ आणि पाणी धरून ठेवते, आणि प्रेशरच्या बऱ्याच गोळ्यांचा प्रभाव घटवते. शिगम्यानंतरचा १६४ हा आकडा निदान काही अंशी तिचा असू शकतो. त्या आकड्यासाठी ॲम्लोडिपिन वाढले, त्याने पाय सुजले, सुजेत डायक्लोफेनॅकचाही हात असेल, सुजेसाठी क्लोरथॅलिडोन आले, आणि ते व डायक्लोफेनॅक मिळून सोडियम उतरले. चार दिवस ठेवून घेण्याचेही कारण आहे : उतरलेले सोडियम घाईने वर आणले तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणून ते दिवसाला थोडे थोडेच चढवतात.

पुढे ‘सार्टन’ सुरू झाले तर डायक्लोफेनॅक, लघवीची गोळी आणि सार्टन ही तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. या त्रिकुटाने मूत्रपिंड अचानक बंद पडल्याची उदाहरणे आम्ही पाहतो. गुडघ्यांसाठी बेताने पॅरासिटामोल, वरून लावायचे मलम आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांविषयी विचारा.


म्हादईकाठ (वाळपई)

काल सातही पाकिटे डब्यासकट घेऊन गेलो. डॉक्टरांनी ती टेबलावर ओतून एकेक वेगळी केली. ॲम्लोडिपिन पुन्हा ५ वर आले, टेल्मिसार्टन ४० जोडले गेले, डायक्लोफेनॅक आणि क्लोरथॅलिडोन कायमची बंद झाली, आम्लपित्ताची गोळी महिनाभराने थांबवून पाहायची आहे, बाकीच्या तशाच. पेजेत पुन्हा चिमूटभर मीठ आले आहे. तोरावर अजून वाटाघाटी चालू आहेत. आज संध्याकाळी मोज्याचा वण पाहिला : आहे, पण बोटाचे टोक बसत नाही. पुढच्या सोमवारी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचे आहे, आणि तोपर्यंत शहाळे नाही असे सांगितल्यावर बाबांनी विचारले की मग अंगणातल्या माडांवरचे नारळ कोणासाठी उतरवायचे.